चौथ्या प्रश्नावर अडलेला माणूस

"काका, यात चूक-बरोबर असं काही नसतं. मनात येईल ते उत्तर द्या," असं म्हणत त्या मुलाने टॅब माझ्यापुढे सरकवला. ज्या परीक्षेत चूक-बरोबर नसतं त्या परीक्षेत मी हमखास नापास होतो, हा आजवरचा अनुभव. त्यामुळे आधी चष्मा पुसला. चष्मा पुसताना माणूस विचार करतोय असं समोरच्याला वाटतं.

प्रश्नावलीचं नाव होतं 'जोखीम पेलण्याची तुमची क्षमता'. निवृत्तीला तीन वर्षं उरलीयत, आता तरी पैशांबद्दल कुणा जाणकाराला विचारा, असा बायकोचा धोशा होता म्हणून आलो होतो. ती शेजारीच बसली होती, साक्षीदारासारखी. पहिला प्रश्न वयाचा. 57. दुसरा, तिसरा उरकला. चौथ्याला गाडी थांबली. 'महिन्याभरात तुमच्या गुंतवणुकीची किंमत 20 टक्क्यांनी घसरली, तर काय कराल? अ) सगळं विकेन. ब) थोडं विकेन. क) काहीच करणार नाही. ड) आणखी खरेदी करेन.'

मी काय करेन ते मला नीट ठाऊक होतं. रात्री दोनला उठून फोनवर आकडा बघेन. पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा बघेन, जणू खोली बदलली की आकडा बदलतो. सकाळी बायकोने विचारलं तर "पित्त झालंय" म्हणेन. आठ दिवस कळ काढून नवव्या दिवशी सगळ्यात खालच्या भावाला विकेन आणि मग वर जाणारा भाव बघत, बाजार माझ्या विकण्याचीच वाट बघत होता हे लोकांना पटवून देईन. हा पर्याय यादीत नव्हता. बहुधा टॅबवर मावला नसेल.

"लिहा की 'ड'," बायको म्हणाली. "बोलताना तर तुम्ही नेहमी 'ड'च असता."

माझ्या पैशाची मूळ भानगड अशी, की माझं वय आणि माझ्या पैशांचं वय कधी जुळलंच नाही. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली तेव्हा पैसे पासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यासारखे गुंतवले. त्याचं श्रेय बाबांचं. त्यांच्याकडे एक प्लास्टिकची फाइल होती, तिला आडवं रबर. आत मुदत ठेवींच्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावलेल्या आणि प्रत्येक पावतीच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने मुदत संपण्याची तारीख. दर रविवारी ते रबर काढायचे, पावत्या मोजायचे, रबर लावायचे. "अरे, पैसा हाताला लागला पाहिजे," म्हणायचे. पहिल्या पगारातून पहिली पावती त्यांनीच करून दिली. कोपऱ्यात पेन्सिलीने तारीखही टाकली, कारण माझं अक्षर त्यांना आवडायचं नाही.

शंभरातून वय वजा करा, जे उरेल तितके टक्के शेअरमध्ये ठेवा, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने माझे 78 टक्के शेअरमध्ये हवे होते. होते शून्य. बाबांना दोष देत नाही. फक्त 72 चं गणित त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच. 72 ला व्याजदराने भागा, तेवढ्या वर्षांत पैसे साधारण दुप्पट होतात. 6 टक्क्यांनी बारा वर्षं. पण महागाईही 6 टक्के असेल तर त्याच बारा वर्षांत पैशाची ताकद निम्मी होते. म्हणजे आम्ही दोघं बारा वर्षं ऐटीत धावलो आणि जिथे होतो तिथेच उभे राहिलो. पावत्या मात्र वाढल्या.

मग चाळिशी आली. घराचं कर्ज, शाळेत जाणारी मुलगी, औषधांवर असलेले आईबाबा. या वयात माणसाने जपून राहावं असं सगळे सांगतात आणि नेमकी तेव्हाच मला बाविसाव्या वर्षीची हिंमत आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि घोडंही उधळलेलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक सद्गृहस्थ होते. खुर्चीची चाकं हळूच माझ्याकडे सरकवून आवाज खाली आणायचे, "आपल्यातला म्हणून सांगतो." ती चाकं कुरकुरली की माझी छाती धडधडायची. पहिला शेअर दीडपट झाला. बाजार कळायला लागला असं वाटलं. तसं वाटणं हाच खरा धोका, हे तेव्हा कळत नाही. घरातले बहुतेक पैसे एकाच कंपनीत गेले. तिची फॅक्टरी कुठे आहे, तिथे काय बनतं, हे मी तोवर विचारलंही नव्हतं. (काय बनत नव्हतं, ते नंतर कळलं.)

भाव निम्मा झाला तेव्हा मी बायकोला समजावलं, की 50 टक्के पडलाय, 50 टक्के चढला की झाली बरोबरी. ती गणिताची शिक्षिका. तिने समोरचं बिल उलटं करून मागे लिहिलं : 100 चे 50. 50 वर 50 टक्के म्हणजे 75. "बरोबरीला 100 टक्के चढावा लागेल," म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा 'टक्' आवाज मला अजून ऐकू येतो.

याच सुमारास एका नातलगाच्या भिडेखातर मी एक विमाही घेतला. मी मेलो तर घरच्यांना पुरेल इतका तो नव्हता आणि जगलो तर मला पुरेल इतकाही नव्हता. याहून जास्त त्याबद्दल बोलवत नाही.

दुधाने तोंड पोळल्यावर मी ताक न फुंकता पुस्तकं वाचायला घेतली, आणि तिथे मोठमोठी माणसं भेटली. गुरुत्वाकर्षण शोधणारे आयझॅक न्यूटन. जे वर जातं ते खाली येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! 1720 साली त्यांनी साउथ सी कंपनीचे शेअर नफ्यात विकले होते. भाव वर जातोय हे बघवेना, म्हणून चढ्या भावाने परत घेतले आणि जबर तोट्यात गेले. अमेरिकेतले नामांकित अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर 1929 च्या ऑक्टोबरात म्हणाले, की शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचल्यासारखे दिसतात. पठार त्याच महिन्यात कोसळलं, पाठोपाठ त्यांची स्वतःची संपत्तीही गेली. तिथल्या शेअर बाजाराचा चढउतार मोजणाऱ्या डाऊ जोन्स निर्देशांकाला ती जुनी उंची परत गाठायला 1954 उजाडलं.

पण मला सगळ्यात जवळचे वाटले ते हॅरी मार्कोविट्झ. पैसे वेगवेगळ्या ठिकाणी कसे विभागावेत याचं गणित त्यांनी 1952 मध्ये मांडलं, त्यासाठी 1990 साली नोबेल मिळालं. स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांची वेळ आली तेव्हा मात्र हे गणित त्यांनी बाजूला ठेवलं. निम्मे शेअरमध्ये, निम्मे ठरलेलं व्याज देणाऱ्या रोख्यांत. का, तर पुढे कशाचाच फार पस्तावा नको. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

पन्नाशीनंतर एक्सेल शिकलो आणि चक्रवाढीचा साक्षात्कार झाला. 8 टक्के परतावा धरा. एकाने बाविसाव्या वर्षापासून फक्त दहा वर्षं दरवर्षी ठराविक रक्कम टाकली आणि पुढे दमडीही घातली नाही. दुसऱ्याने बत्तिसाव्या वर्षापासून तीच रक्कम सलग अठ्ठावीस वर्षं टाकली. साठीला पहिल्याकडे दुसऱ्यापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त पैसे असतात. मी हे चार वेळा तपासलं. चारही वेळा पहिला माणूस जिंकला आणि चारही वेळा तो मी नव्हतो. मग मी तक्ता खाली खाली ओढत गेलो. वयाच्या 96 व्या वर्षाच्या ओळीला आकडा खरोखर डोळे दिपवणारा होता.

"छान," बायको म्हणाली. "तेव्हा काय घेणार आहात? दात?"

आता गंमत अशी, की वय खरोखर म्हातारपणाकडे झुकलंय आणि मला बाविसाव्या वर्षीच्या मुलासारखं सगळं शेअरमध्ये टाकावंसं वाटतंय. निवृत्तीच्या तोंडावर बाजार पडला आणि त्याच पैशातून घर चालवायची वेळ आली, तर नंतर बाजार चढूनही उपयोग नसतो, कारण चढायला पैसेच मागे उरलेले नसतात. हे मला पाठ आहे. मी ते इतरांना फार चांगलं समजावून सांगतो.

मुलीला समजवायला गेलो होतो. ती चोवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली. पहिला पगार झाल्यावर मी फाइल आणि रबर घेऊन तिच्या खोलीत गेलो, घसा खाकरला आणि तोंडातून बाबांचाच आवाज आला, "हे बघ, पैसा हाताला..." ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी इंडेक्स फंड लावलाय, निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे. दर महिन्याला आपोआप जातात."

"आणि पडला तर?"

"पडला का? बघितलं नाही. पासवर्ड विसरलेय, रीसेट करायचा कंटाळा आलाय."

मी फाइल घेऊन परत आलो.

"काका, चौथा प्रश्न?" मुलाने आठवण केली.

"यात 'पासवर्ड विसरेन' असा पर्याय घालता येईल का?"

तो हसला. बायको हसली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि 'क'वर बोट टेकवायला पुढे झाली. तेवढ्यात स्क्रीन पांढरी झाली.

"अरेरे, फार वेळ झाला ना, सेशन संपलं," मुलगा म्हणाला. "काही हरकत नाही काका, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. तुमचं वय?"