'मातीशी नातं' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'मातीशी नातं' या टोपणनावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

सप्रेम नमस्कार. आमच्या १९७६ च्या कृषी पदवीधर बॅचच्या मेळाव्यावर मी लिहिलं होतं. कोण कुठल्या पदावरून निवृत्त झाला, कुणाला कसला मान मिळाला, कुणाची मुलं कुठे पोचली, असा तो लेख. त्यावर आपण चार वाक्यं लिहिलीत. चाळीस जणांच्या यादीत शेती करणारा एकही नाही. वर्गात मुली होत्या की नाही ते कळत नाही. चारही कृषी विद्यापीठं १९७२ साली झाली हे चूक आहे. आणि शेवटी, 'हा कर्तृत्वाचा आढावा आहे की पेन्शनरांचं हळदीकुंकू?'

सालाची चूक मान्य. राहुरीचं विद्यापीठ १९६८ चं, अकोल्याचं १९६९ चं. परभणी आणि दापोली तेवढी १९७२ ची. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली तर मी कबूल करतो, एवढं तरी आपल्या लक्षात यावं. मुली दोन होत्या. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन, तो विषय इथे नको.

आता हळदीकुंकू. हा शब्द लिहिताना आपल्याला गंमत वाटली असेल. माझं वय बहात्तर आहे. या वयाच्या माणसाला काय म्हणावं आणि काय म्हणू नये, हे शिकायला कृषी महाविद्यालयात जावं लागत नाही. टीका करा, जरूर करा, पण ज्यांनी उभी हयात या राज्याच्या शेतीखात्यात, बँकांत, विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर काढली त्यांना वाण वाटायला बसवू नका. शिवाय माझ्या लेखाखाली माझं नाव असतं. आपल्या प्रतिक्रियेखाली काय आहे? माती!

आम्ही पहिल्या वर्षाला गेलो तो जून १९७२ चा. म्हणजे कोणतं वर्ष, हे आपल्याला पुस्तकातून माहीत असेल. माझी आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर ताटात तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, आणि आईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. चार एकर कोरडवाहू, तिघे भाऊ. अशा घरातला पोरगा बीएस्सी अ‍ॅग्री होऊन सरकारी नोकरीला लागला, तर ती त्या घराची कामगिरी होती. शेती का नाही केली म्हणून विचारता, तर कशावर करायची होती? १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शेतीकर्ज वाटायला बँकांना शेतीतलं कळणारी माणसं हवी होती, म्हणून आमच्यातले बरेचसे तिकडे गेले. तो काही पळ काढणं नव्हे.

आणि शेतावर आम्ही होतोच. संकरित ज्वारीचं 'सीएसएच-१' हे वाण १९६४ साली आलं, पण मी नोकरीला लागलो तेव्हाही कितीतरी गावं त्याला हात लावायला तयार नव्हती. एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर ताट उपटलं, आपल्या कमरेला लावून उंची दाखवली आणि म्हणाला, 'साहेब, माणूस खाईल ओ. बैलानं काय खायाचं?' कडबा कमी, ही त्याची तक्रार शंभर टक्के खरी होती. माझ्या पुस्तकात उतारा क्विंटलमध्ये होता, कडब्याचा रकानाच नव्हता. पुढं वर्षभर मी त्याच्या बांधावर जात राहिलो, सायकलवर, तेव्हा कुठे त्यानं अर्ध्या एकरात पेरली. ही नोंद कुठल्या गोपनीय अहवालात होत नाही आणि मीही मेळाव्याच्या लेखात केली नाही. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या, तेव्हा काठी घेऊन खड्डे मोजत हिंडलो. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. खाली मुरूम लागला की शेतकरी कळवळायचा आणि मी 'अजून चार बोटं' म्हणायचो. शिव्याही खाल्ल्यात.

हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ स्वामिनाथन कोइमतूरच्या कृषी महाविद्यालयाचे पदवीधर. पोलीस सेवेत निवड झालेली असताना ते आनुवंशशास्त्राकडे वळले. त्यांनी किती एकर नांगरली, असं कुणी विचारतं का? आम्ही स्वामिनाथन नाही, ठाऊक आहे. पण मोजायची पट्टी तरी एकच ठेवा.

राहिलं ते 'एकही नाही'. हे वाक्य आपण फार खात्रीनं लिहिलंत, म्हणून सांगतो. यादी मी मनानं केलेली नाही. मेळाव्याच्या समितीनं सगळ्यांना एक फॉर्म पाठवला होता. त्यात रकाने होते: शेवटचं पद, निवृत्तीचं वर्ष, पुरस्कार, मुलं काय करतात. आलेल्या फॉर्मवरून यादी झाली. आमचा एक वर्गमित्र पहिल्या दिवसापासून द्राक्षबाग करतो. त्याचा फॉर्म आला, पण वरचं नाव सोडलं तर कोराच. पद नाही, निवृत्ती नाही. अपूर्ण फॉर्म बाजूला ठेवायचे असं समितीचं ठरलं होतं, आणि समितीत मी होतो. यात कुणाला वगळण्याचा हेतू नव्हता, ही पद्धतीची बाब आहे. आपण लगेच त्यातून अर्थ काढणार, म्हणून आधीच स्पष्ट करतो.

तरीही त्याचं नाव यादीत घालायला माझी हरकत नाही. पुढं काय लिहायचं ते त्यालाच विचारावं म्हणून काल दोनदा फोन केला. द्राक्षवेलींची खरडछाटणी चालू आहे, उचलत नाही.