दंडाच्या आधी जागा शिकवा

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोठा अपघात झाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीच चर्चा पेटते. कॅमेरे वाढवा, दंड दुप्पट करा, उजव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्या ट्रकवाल्याचं लायसन्सच काढून घ्या. २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे, ई-चलान येतं, आणि तो धाक हवाच. पण इंग्लंडमध्ये मुलगी गाडी शिकताना तिच्या शेजारी बसू लागल्यापासून माझं मत पक्कं झालंय: लेनच्या शिस्तीची आठवण आपल्याला फार उशिरा होते, लायसन्स हातात पडल्यावर.

इथे सुरुवातीपासून भर असतो तो गाडी रस्त्यावर नेमकी कुठे हवी यावर. उजवीकडे वळायचंय? आधी मधला आरसा, मग उजवा, मग इंडिकेटर, आणि मग गाडी हळूच मध्यरेषेच्या डाव्या अंगाला लागून आणायची. समोरून वाहनं येत असतील तर तिथेच थांबायचं, पण चाकं सरळ ठेवून. ती आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरून येणाऱ्यांच्या पुढ्यात ढकलली जाते. पार्क केलेल्या गाड्यांजवळून जाताना दार उघडेल एवढं अंतर सोडायचं. सायकलवाल्याला ओलांडताना किमान दीड मीटर, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. परीक्षा सुमारे ४० मिनिटांची, चालू रहदारीत. चुकीच्या लेनमधून शिरून कुणाला धोका झाला, तर त्या एका चुकीवर नापास.

आपला कायदा याबाबत गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५व्या नियमात उमेदवाराला ओव्हरटेक करता येतं का, दुसऱ्याला करू देता येतं का, रस्त्याच्या योग्य भागातून जाता येतं का, हे तपासायला सांगितलंय. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मैदानावर आठचा आकडा काढला, गाडी रिव्हर्स घेतली की झालं. त्यात स्टिअरिंगवरचा हात कळतो. मागून येणारा दुचाकीस्वार आरशात दिसतो की नाही, हे मोकळ्या मैदानात कसं कळणार?

‘तुमचे रस्ते चांगले, इथे पट्टेच पुसलेले’ हे उत्तर मला दर वेळी मिळतं. ते अर्धंच खरं आहे. इंग्लंडमधल्याही कितीतरी गल्ल्यांत पट्टे नसतात, दोन्हीकडे गाड्या उभ्या आणि मधून जेमतेम एक जाईल एवढीच वाट. कुणी आधी थांबायचं, किती कडेला घ्यायचं, हे शिकाऊ चालक तिथेच शिकतात. ट्रकवाल्यांची अडचण मात्र मला पटते. डाव्या लेनमध्ये बंद पडलेली वाहनं उभी असतील, तर भरलेला ट्रक घाटात वेग मोडून पुन्हा पुन्हा लेन का बदलेल? ती लेन मोकळी ठेवणं हे यंत्रणेचं काम.

इंग्लंडमधलं सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही. मोटरवेवर विनाकारण मधली लेन अडवून बसणारे भरपूर आहेत, त्यासाठी २०१३ पासून जागेवरच दंड करता येतो. शिकाऊंना तर जून २०१८ पर्यंत मोटरवेवर बंदीच होती. आता मान्यताप्राप्त प्रशिक्षक आणि दुहेरी पेडलची गाडी असेल तर जाता येतं. दुहेरी पेडलच्या गाड्या आपल्या ड्रायव्हिंग स्कूलकडेही असतात.

२०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात हलक्या वाहनासाठी २९ तासांचं प्रशिक्षण आहे, त्यात २१ तास प्रत्यक्ष गाडी चालवणं, आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. मग ते २१ तास कुठल्या रस्त्यांवर जातात, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून दंडाच्या रकमेइतकाच जोरात विचारला जायला हवा. आणि आरटीओत आठचा आकडा खुशाल ठेवा, पण त्यानंतर उमेदवाराला चालू रस्त्यावर न्या, गर्दीच्या चौकात उजवीकडे वळायला लावा, आणि आरसा, इंडिकेटर, जागा या क्रमाला गुण द्या. त्यासाठी माणसं कमी पडतील, तर कॅमेऱ्यांसाठी निघाला तसा निधी परीक्षकांसाठीही काढा.