मुंबई-लंडन: जाताना जास्त, येताना कमी का?

मुंबई-लंडन विमानप्रवासाला किती वेळ लागतो यावरच्या तुमच्या लेखात हवाई अंतर सुमारे 7200 किलोमीटर दिलंय, ते बरोबर आहे. पण त्याला ताशी 900 किलोमीटर वेगाने भागून ‘दोन्हीकडून आठ तास’ म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. मुलगी तिकडे असल्याने माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्यात. जाताना साडेनऊ-दहा तास धरावेच लागतात, येताना नऊच्या आसपास.

कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहते, हिवाळ्यात तर फारच जोरात. लंडनला जाताना हा वारा समोरून, येताना मागून. समोरच्या सीटमागच्या पडद्यावर नकाशा लावून बसा. गेल्या जानेवारीत जाताना जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी 790 किलोमीटर दिसत होता, परतताना एकदा 1040. इंजिनं तीच, विमानाचा हवेतला वेगही जवळपास तोच. फरक सगळा वाऱ्याचा!

शिवाय तिकिटावरची वेळ म्हणजे नुसतं उड्डाण नव्हे. मुंबईत गेटवरून निघून धावपट्टीवर रांगेत थांबणं, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात येतं. आणि विमान काही सरळ रेषेत जात नाही, कुठल्या देशाचं आकाश बंद आहे त्यावर वाट बदलते.

घड्याळाचं तर लिहायलाच हवं होतं. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. माझी आई पहिल्यांदा निघाली तेव्हा दुपारी दोनचं विमान संध्याकाळी सातला पोचणार हे वाचून म्हणाली, “पाचच तास? मग डबा कशाला देतेस?” तिच्या गोळ्यांच्या वेळा मी कागदावर भारतीय वेळेनेच लिहून दिल्या होत्या. वयस्कर माणसांना पाठवणाऱ्यांनी एवढं नक्की करा.