लडलोला जायचं तर बाजाराच्या दिवशीच

इंग्लंडमधलं जुनं गाव बघायचं म्हटलं की तिथली आपली मंडळी गाडी काढतात आणि थेट कॉट्सवोल्ड्सकडे वळतात. बँक हॉलिडेला बोर्टन-ऑन-द-वॉटरमध्ये पाय ठेवायला जागा नसते, फोटो काढायचे आणि परत फिरायचं. माझं मत स्पष्ट आहे: एकच गाव बघायचं असेल तर श्रॉपशरमधलं लडलो बघा, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार यांपैकी एक दिवस धरा. या चार दिवशी किल्ल्यासमोरच्या कॅसल स्क्वेअरमध्ये बाजार भरतो. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी आसपासच्या शेतकऱ्यांचा, तिथेच पिकवलेल्या मालाचा वेगळा बाजार असतो. जमलं तर तो गाठा. मंगळवारी गेलात तर सुंदर पण रिकामा चौक बघून याल.

बाजाराचा एवढा आग्रह का, तर या गावाची आखणीच बाजारासाठी झाली. अकराव्या शतकाच्या अखेरीस द लेसी घराण्याने टेम नदीवरच्या कड्यावर किल्ला बांधला आणि बाराव्या शतकात त्याच्या दारासमोर गाव मांडलं. मूळ बाजार किल्ल्याच्या दारापासून पार गावातल्या बुल रिंग या रस्त्यापर्यंत, एकच लांबरुंद पट्टा होता. मग पाल ठोकून बसणाऱ्यांनी हळूहळू पक्की दुकानं केली, त्यांवर मजले चढवले. आपल्याकडच्या आठवडी बाजारात पालाची टपरी आणि टपरीची पेढी होते, तसंच. म्हणून आज चर्च स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, हार्प लेन असे चिंचोळे बोळ एकमेकांना लागून दिसतात. त्यांतून चालताना आपण जुन्या बाजाराच्या पोटातून चालतोय, हे लक्षात ठेवा. चौकात १८८७ साली बांधलेली विटांची मोठी इमारत होती. ती १९८६ मध्ये पाडली आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला. चांगलंच झालं.

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक आधी किल्ल्यात शिरतात, दोन तास घालवतात आणि बाहेर येईपर्यंत दुपार कलते, विक्रेते आवराआवर करू लागतात. उलटं करा. सकाळी दहाच्या आत बाजार. चीज घेताना त्यातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, प्राण्याचं आहे की शाकाहारी, हे विचारा. विक्रेते नीट सांगतात आणि चवही देतात. ‘श्रॉपशर ब्लू’ नावाला भुलू नका: ते चीज पहिल्यांदा स्कॉटलंडमध्ये तयार झालं. छान लागतं, पण गावची आठवण म्हणून घ्यायचं तर आसपासच्या डेअरीचं मागा.

तिथून सेंट लॉरेन्स चर्च. मनोऱ्याच्या सुमारे २०० पायऱ्या आहेत, गोल आणि अरुंद. गुडघे कुरकुरत असतील तर खालीच थांबा, काही बिघडत नाही. खरा ऐवज गायकांच्या बाकांखाली आहे. बाकांच्या उचलत्या फळ्यांच्या खालच्या बाजूला पंधराव्या शतकातलं लाकडी कोरीवकाम आहे, अशा २८ फळ्या. त्यातली एक सोडू नका: मापात मारणाऱ्या बिअरवालीला सैतान नरकात घेऊन चाललाय, तिच्या हातात ते मापाचं भांडं अजून आहे. बाजारपेठेच्या गावाने देवळात काय कोरून ठेवावं, तर हे!

जेवण वेळेत उरका. बऱ्याच पबची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात, मग नुसते चिप्सचे पुडे मिळतात.

नंतर ब्रॉड स्ट्रीटच्या वरच्या टोकाला बटरक्रॉस या जुन्या इमारतीपाशी उभं राहून रस्त्याचा उतार बघा. विटांचे सरळ, अठराव्या शतकातल्या जॉर्जियन धाटणीचे दर्शनी भाग दिसतात, पण त्यांतल्या कितीतरी घरांच्या पाठीमागे जुना लाकडी सांगाडा तसाच आहे. कुठे कमान उघडी असेल तर रस्त्यावरूनच आत डोकावा: रुंदीला थोडे आणि खोलीला लांबच लांब, असे मध्ययुगीन भूखंड अजून कळतात. खाली ब्रॉडगेट, गावकुसाच्या सात वेशींपैकी आज उभी असलेली एकमेव. वेशीतून बाहेर पडा, लडफर्ड पूल ओलांडा आणि ब्रेडवॉकने नदीकाठाने डिनम पुलाकडे जा. ही वाट बांधणाऱ्या मजुरांना पैशांऐवजी पाव दिले, असं सांगतात. पाऊस झाला असेल तर ही वाट निसरडी असते, साधे बूट चालत नाहीत. वर व्हिटक्लिफचं माळरान आहे. तिथून किल्ला आणि मनोरा एका नजरेत येतात, आणि दुपारचं ऊन समोरच्या भिंतींवर पडतं. फोटो तेव्हाच.

किल्ला शेवटी, पण शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघून ठेवा; हिवाळ्यात लवकर बंद होतो. हेन्री सातव्याचा थोरला मुलगा आर्थर इथेच १५०२ मध्ये वारला, म्हणून धाकटा भाऊ आठवा हेन्री झाला. इथून वेल्सचा कारभार बघणारं मंडळ १६८९ मध्ये मोडलं, नंतर छपरांचं शिसंही निघालं आणि अवशेष उरले. हे अवशेष १८११ मध्ये सरकारकडून विकत घेतले ते एडवर्ड क्लाइव्हने, प्लासीवाल्या रॉबर्टच्या मुलाने. टिपू पडला तेव्हा हाच मद्रासचा गव्हर्नर होता. किल्ल्यातल्या फलकांवर हा धागा शोधत बसू नका. श्रूजबरीला गाडी बदलून वेल्शपूलला जा आणि पुढे क्लाइव्ह कुटुंबाकडे गेलेल्या पोविस कॅसलमध्ये टिपूचा तंबू बघा. माझ्या मते भारतीय माणसाने ही दोन्ही ठिकाणं जोडूनच बघावीत.

रेल्वेने जाणंच सोयीचं. लंडनहून क्रू किंवा न्यूपोर्टला गाडी बदला. दोन्ही मार्गांची तिकिटं वेगळी असू शकतात, चुकीच्या मार्गाचं घेऊ नका. स्टेशनपासून चौक दहा मिनिटं, चढावर. मोटारीने गेलात तर गावात शिरू नका, ए४९ रस्त्याजवळच्या पार्क अँड राइडला गाडी लावा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ तिथेच बघून घ्या. सप्टेंबरमधल्या फूड फेस्टिव्हलला खोल्या महागतात आणि लवकर भरतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मे-जूनमधला साधा बुधवार धरावा.