आधी एक्सपोजर, मग लट

व्हिडिओच्या रंगसुधारणेवरचा लेख छान, पण त्यातलं ‘आधी लट (LUT, रंग बदलणारा तयार तक्ता) लावा, मग एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) सुधारा’ हे काही पटलं नाही. लटच्या कक्षेबाहेरचा उजेड तिथेच कापला जातो. पुढच्या नोडमध्ये (रंगसुधारणेच्या पुढच्या पायरीत) उजेड कितीही खाली ओढा, पांढरा डाग तो पांढराच. इथे इंदूरला मामेबहिणीच्या हळदीचं फुटेज मी असंच बिघडवलं होतं. राजवाड्यामागचं जुनं घर, पिवळे बल्ब, त्यात हळदीचे गाल! व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावर) स्किन टोनची, म्हणजे त्वचेच्या नेहमीच्या रंगाची रेघ गाठायला गेलो आणि नवरी आजारी दिसायला लागली. मामी म्हणाली, ‘अरे, हळद कुठे गेली?’ फुटेज रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेलं होतं म्हणून वाचलो. दा विंची रिझॉल्व्ह या रंगसुधारणेच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा रॉ उघडून मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून व्हाइट बॅलन्स जुळवला, लट शेवटच्या नोडला नेली. गालांवर हळद परतली.