बाई काउंटरवर बसल्या आहेत

आज सकाळी घोडबंदर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये किराणा घेऊन काउंटरवर पोहोचलो, तर साबुदाण्याचे पाकीट यंत्राखाली सरकवता सरकवता समोरच्या मुलीने विचारले, "काका, गावी येत नाही का आता?" शहापूर तालुक्यातील आमच्या गावालगतच्या ठाकूरवाडीतली ही मुलगी डी.एड. झालेली आहे, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, आणि तिच्याच वाडीतल्या चार इयत्तांच्या शाळेत दुसऱ्या गुरुजींची बदली झाल्यापासून एकच शिक्षक उरले आहेत. ते बैठकीला गेले की खिचडी शिजवणाऱ्या मावशी मुलांना जेवू घालतात आणि घरी पाठवतात. झाली शाळा!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत. मात्र ती दुसरी जागा शिक्षकभरतीसाठीच्या राज्यभराच्या अभियोग्यता चाचणीतून आणि पवित्र या सरकारी भरती पोर्टलवरूनच भरायची, आणि २०१७ नंतरची चाचणी झाली थेट २०२३ मध्ये. त्या चाचणीच्या निवड यादीत ही मुलगी थोडक्यात हुकली. पहिलीतल्या पोरांची ठाकरी, म्हणजे ठाकूर आदिवासींची, बोली तिला येते, याला त्या यादीत एकही गुण नाही.

नियम वाकत नाहीत असे कृपया कोणी सांगू नये. जुलै २०२३ मध्ये सत्तरीपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २० हजारांवर घेण्यासाठी ते वाकलेच होते, आणि तेही नव्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे १६ हजार मिळत असताना! मी स्वतः निवृत्त शिक्षक आहे. त्या वाडीची चढण माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, तिला झेपते. जागा महिनाभर रिकामी राहिली, तर कायम शिक्षक येईपर्यंत स्थानिक पात्र उमेदवार नेमण्याचा अधिकार गटशिक्षणाधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीला का देऊ नये?

वशिलेबाजी होईल, हे मान्य. पोर्टल आले तेच त्यामुळे. परंतु टीईटीची अट कायम ठेवून वाडीसमोर नेमणूक झाली, तर लबाडी निदान चारचौघांच्या डोळ्यांदेखत होईल.

चिडून लिहितो आहे खरा, पण ती मुलगी मुळीच चिडलेली नव्हती. तिची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते आणि त्या दिवशी ती पहाटेची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरते, वाडीवर जाते आणि गुरुजींच्या परवानगीने पहिली-दुसरीच्या मुलांना ओट्यावर घेऊन बसते. बिल होत आले तेव्हा तिने संकोचत विचारले, "काका, एक खडूचा डबा घ्याल? शाळेतले संपलेत." दोन घेतले.