बिऱ्हाड हललं की मुलाचं रक्त पुन्हा तपासा

2000 साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये सुदानी निर्वासित कुटुंबातली दोन वर्षांची मुलगी शिशाच्या विषबाधेने दगावली. शिसं सापडलं ते नव्या देशात मिळालेल्या जुन्या भाड्याच्या घराच्या रंगात. आता तिथे निर्वासित मुलांचं रक्त आल्याआल्या तपासायचं आणि सहा वर्षांपर्यंतच्यांचं तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा, अशी शिफारस आहे. ही दुसरी तपासणीच खरी कामाची, कारण नव्या घरातलं विष तीच पकडते.

कर्नाटकातल्या आपल्या चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात ऊसतोड टोळ्या हंगामापुरत्या उतरतात. पालाशेजारी कुणी जुन्या बॅटऱ्या फोडत असेल, शिसं वितळवत असेल, तर ती धूळ रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि तिथून तोंडात जाते. मोठ्या माणसापेक्षा मुलाचं शरीर शिसं कितीतरी जास्त शोषतं. पोटात लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखीच.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातल्या शिशाची तपासणी सहसा होत नाही, म्हणून काम वाटून घ्यावं लागेल. नवं मूल आल्याचं अंगणवाडी ताईला आधी कळतं. बाप काय काम करतो, कामाचे कपडे घरीच धुतो का, हे आशाताईने विचारावं. बोटाचं रक्त घेण्याआधी हात साबणाने धुवायलाच हवेत. सॅनिटायझरने शिसं निघत नाही आणि बोटावरच्या धुळीने आकडा फुगतो. आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरला पोचलं की शिसं येतंय कुठून ते शोधून थांबवायचं. 45 किंवा त्याच्या वर गेलं की रुग्णालय, औषधोपचार.

घोडं अडतं ते दुसऱ्या तपासणीला. तोवर टोळी बीडला परतलेली असते. मुलाचा आकडा, तारीख आणि पुढची तारीख असलेलं कार्ड आईच्या हातात हवं, तेही मराठीत. नुसतं कन्नड पत्रक तिच्या काय कामाचं? मुकादमाचा फोन नंबर आणि गावाकडच्या आशाताईचा नंबर त्याच कार्डावर लिहा. राज्याची हद्द ओलांडली म्हणून मूल यादीतून गळतं, हे मला अजिबात मान्य नाही.

तोवर पालात कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. बॅटरीचं खोकं पाण्याला वापरू नका, चुलीत तर मुळीच घालू नका. पाणी उकळून शिसं जात नाही.